पंधरा मिनिटांचं ऑपरेशन, आठ दिवसांची तयारी

मानेवरची गाठ, बोटावरची चामखीळ, तळपायाची भोवरी, मांसात रुतलेलं नख. ‘छोटंसं तर आहे’ म्हणून आपण ते वर्षानुवर्षं लपवतो, नाहीतर एक दिवस उठून थेट कापायलाच जातो. दोन्ही चुकीचं. टेबलावर झोपण्याआधी काय करायचं, काय सांगायचं आणि काय विचारायचं? गिरडच्या आणि गिरडसारख्या प्रत्येक गावातल्या पोरापोरींसाठी.

गिरडची टेकडी ज्यांनी पाहिली, त्यांना तिथले गोल गोल दगड ठाऊक आहेत. बाबा फरीदांच्या दर्ग्याची ही टेकडी. दंतकथा अशी की, वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतला माल दगड होऊन बसला. भूगर्भवाले सांगतात, हे झिओलाइटचे खडे, लाव्हाच्या खडकात तयार झालेले. दंतकथा ऐकायला छान आणि खड्यांचं शास्त्रही छान. कुणाचं काही बिघडत नाही.

पण अशाच गोल, टणक, न दुखणाऱ्या गाठी आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगावर असतात आणि त्यांच्याभोवतीही दंतकथा असतात. ‘ती नस आहे, हात लावू नको.’ ‘एक कापली की दहा उगवतात.’ ‘चाकू लागला की कॅन्सर होतो.’ इथं मात्र बिघडतं. कारण या गोष्टी ऐकून पोरगा तीन वर्षं कॉलरचा शर्ट घालून फिरतो, पोरगी ओढणी मानेवरून सरकू देत नाही, आणि भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर पळायच्या दिवशी तळपायाची भोवरी ठणकायला लागते.

खरं तर यातली बरीच कामं बाह्यरुग्ण विभागातच होतात. म्हणजे सकाळी गेलात, जागेपुरती भूल दिली, काम झालं, संध्याकाळी घरी. दवाखान्यात रात्र काढायची नाही. सुरी चालते ती बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं सुखाची जाणार की नंतर पंधरा दिवस निस्तरत बसायचं, हे बरंचसं आधीच्या आठ दिवसांत ठरतं. आणि त्या आठ दिवसांचं काम डॉक्टरचं कमी, आपलं जास्त.

आधी ठरू द्या, कापायचं आहे का?

पहिली तयारी म्हणजे निदान. सगळंच कापायचं नसतं. चामखीळ अनेकदा औषध लावून किंवा गोठवून जाते. चरबीची गाठ वाढत नसेल, दुखत नसेल तर तशीच राहिली तरी चालते. मानेतली गाठ ही प्रत्येक वेळी कातडीचीच असते असंही नाही. ती आतली लसिका ग्रंथी सुजलेली असू शकते आणि त्यामागे टीबीही असू शकतो. मानेतली गाठ दोन आठवड्यांत उतरली नाही, सोबत ताप आहे, वजन घटतंय, तर ‘काढून टाका’ म्हणायचं नाही. ‘तपासून द्या’ म्हणायचं.

तसंच अंगावरच्या फिकट चट्ट्याचं. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर ते गजकर्ण नाही, कुष्ठरोगाची शंका घ्यायची. वर्धा जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं, तो हाच जिल्हा. आज या आजाराचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. तिथं शरम नको. उशीर तर नकोच नको.

आणि तीळ. तीळ बहुधा निरुपद्रवी असतो. पण तो अचानक वाढला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसायला लागले, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा झाला, त्यातून रक्त आलं, तर दाखवायचा. आपल्या लोकांमध्ये त्वचेचा तो घातक कॅन्सर कमी आढळतो हे खरं. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो. म्हणजे नेमकं तिथं, जिथं आपण बघत नाही. नखाखाली काळी रेघ आली आणि मार लागल्याचं आठवत नाही, तर दाखवा.

बिब्बा, चुना आणि घोड्याचा केस

आता आपल्या गावठी ऑपरेशन थिएटरची गोष्ट. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. तिळावर चुना आणि सोडा लावायचा. भोवरीवर बिब्बा ठेवायचा. ‘काही होत नाही बे, माझ्या मामाची अशीच गेली.’ मामाची गेली असेल. पण ज्यांची गेली नाही, ते कधी सांगत फिरत नाहीत.

बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. चुना-सोडाही जाळतो. जाळताना त्याला कळत नाही, तीळ कुठं संपला आणि चांगली कातडी कुठं सुरू झाली. त्यामुळे पाच मिलिमीटरच्या तिळाच्या जागी दोन सेंटिमीटरचा वण येतो आणि तो आयुष्यभर राहतो. शिवाय जळून गेलेला तीळ प्रयोगशाळेत तपासता येत नाही. तो साधा होता की नव्हता, हे कळण्याची एकमेव संधी चुन्यात गेली.

हाच प्रकार गोंदणाचा. सैन्यभरतीच्या नियमांत टॅटूला जागा ठरवून दिलेली आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असलेला चालतो. बाकी अंगावरचा चालत नाही. चालीरीतीनुसार गोंदवणाऱ्या आदिवासी उमेदवारांसाठी वेगळी सवलत आहे. हे कळल्यावर भरतीच्या महिनाभर आधी पोरं टॅटू जाळायला धावतात. लेसरनं टॅटू काढायचा तर अनेक वेळा जावं लागतं आणि दोन वेळांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. भरतीची जाहिरात यायची वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असतो.

जायचं कुठं?

गिरडहून वर्धा सुमारे साठ किलोमीटर. तेव्हा कुठल्या कामासाठी कुठपर्यंत जायचं, हे आधीच ठरवलेलं बरं. गळू चिरणं, ड्रेसिंग, टाके काढणं असली कामं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होतात. गिरडला केंद्र आहे. पहिला सल्ला तिथंच घ्या. पुढं समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन आणि काढलेला तुकडा तपासणारी प्रयोगशाळा एकाच आवारात हवी असेल, तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथंच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. सावंगी (मेघे) इथं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. उमरेडच्या बाजूनं नागपूर गाठणारे मेडिकल किंवा मेयोला जातात. मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांना वर सांगितलेली मोफत योजना जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून खर्च किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. त्यात लाज कसली?

आणि एक. पार्लरमध्ये, बाजारातल्या तंबूत किंवा ‘लेसरवाल्या भाऊ’कडे कातडीला सुरी किंवा करंट लावून घ्यायचा नाही. जो हात लावणार आहे, त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर किंवा चिठ्ठीवर दिसला पाहिजे.

सगळं सांगा, अगदी सगळं

पहिल्या भेटीत सहसा ऑपरेशन होत नाही. तपासतात, लागल्यास रक्ताच्या चाचण्या सांगतात, तारीख देतात. या भेटीत तुमचं काम एकच. लपवायचं काही नाही. डॉक्टरला तुमच्या चारित्र्याशी देणं-घेणं नसतं. रक्त किती वाहील आणि जखम कशी भरेल, एवढंच त्यांना बघायचं असतं. काय काय सांगायचं?

गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी, फिटची, शुगरची, दम्याची. अंगदुखीच्या गोळ्या सरसकट खात असाल तर त्याही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या काही वेदनाशामकांमुळे रक्त थांबायला वेळ लागू शकतो. पण ऐकीव माहितीवर कुठलीही चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदयाच्या आजारासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर छोट्या गाठीपायी मोठं संकट ओढवेल. बंद करायची की नाही, ते डॉक्टर सांगतील.

पिंपल्सचं औषध. आयसोट्रेटिनोइन नावाची गोळी चालू असेल किंवा नुकतीच संपली असेल, तर सांगा. घरगुती काढा, आयुर्वेदिक चूर्ण, जिमची पावडर, फिश ऑइलच्या कॅप्सूल, हेही औषधातच मोडतं.

गोरं होण्याचं क्रीम. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब वर्षभर लावली असेल, तर तिचं खोकं घेऊन जा. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते आणि जखम भरायला वेळ लागतो.

सिकलसेल. विदर्भात हा प्रश्न प्रत्येकाला विचारायलाच हवा. तुम्हाला विचारला नाही, तर तुम्हीच सांगा. तपासणी झाली असेल तर कार्ड सोबत ठेवा. नखाचं किंवा बोटाचं ऑपरेशन करताना रक्त थांबवायला बोटाच्या मुळाशी पट्टा आवळतात. सिकलसेलच्या रुग्णात तो निर्णय विचार करून घ्यावा लागतो. शरीरात पाणी कमी पडणं, थंडी वाजणं, जंतुसंसर्ग होणं हेही त्यांना जास्त महाग पडतं.

आधीचे वण. कान टोचल्यावर गाठ आली होती का? छातीवर, खांद्यावर जुनी जखम फुगून वर आली आहे का? आईला, भावाला तसं होतं का? याला कीलॉइड म्हणतात. तसा स्वभाव असलेल्या कातडीवर हौसेखातर तीळ काढला, तर तिळापेक्षा वण मोठा होऊ शकतो. काही वेळा ‘नको काढू’ हाच योग्य सल्ला असतो.

आणि उरलेलं. दात काढल्यावर रक्त थांबता थांबत नव्हतं का? सुई पाहून चक्कर येते का? लोकल भुलेचं इंजेक्शन, आयोडीन, चिकटपट्टी, हातमोज्यांचं रबर यांची अ‍ॅलर्जी आहे का? गरोदर आहात का? पाळीची तारीख त्याच दिवशी येते आहे का? पाळीनं सहसा काही अडत नाही, पण विचारून ठेवलं की मन मोकळं होतं.

राहिला खर्रा. हो, त्याचंही विचारतात. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. जखमेला रक्त कमी पोहोचलं की ती सावकाश भरते, कधी उसवते. खर्रा, बिडी, सिगारेट, काहीही असो. ऑपरेशनच्या जितके दिवस आधी बंद कराल तितकं चांगलं, आणि टाके निघून जखम भरेपर्यंत पुन्हा सुरू करू नका. त्यानंतर पुन्हा सुरू करायचंच असं काही बंधन नाही.

सही करायच्या आधी

ऑपरेशनआधी एक कागद पुढे येतो. संमतीपत्र. बहुतेक जण तो न वाचता सही ठोकतात, मोबाइलच्या अ‍ॅपवर ‘सहमत’ दाबतो तसं.

१९२४ सालची एक गोष्ट. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, अपेंडिक्स सुजलं म्हणून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. कैदी हिंदुस्थानचा सगळ्यात मोठा माणूस आणि सर्जन इंग्रज सरकारचा. आधी श्रीनिवास शास्त्रींना बोलावलं गेलं, निवेदनाचा मसुदा झाला आणि आपल्या संमतीनं शस्त्रक्रिया होत असल्याच्या त्या कागदावर गांधीजींनी सही केली. मग ऑपरेशन झालं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. एवढ्या घाईत, एवढ्या दुखण्यातही तो कागद वाचला गेला. आपली तर साधी गाठ आहे. दोन मिनिटं काढून वाचूया की.

कागदावर ऑपरेशनचं नाव काय, कुठल्या बाजूचं, धोके कोणते, हे लिहिलेलं असतं. इंग्रजी कळलं नाही तर मराठीत समजावून मागा. तुमचं वय अठरा पूर्ण नसेल, तर आई-वडिलांपैकी कुणीतरी सोबत लागेल. अकरावी-बारावीवाल्यांनी हे आधीच ध्यानात ठेवा. नाहीतर साठ किलोमीटर जाऊन सहीपायी परत याल. एचआयव्हीची चाचणी सांगितली तर घाबरू नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी तुमची संमती घ्यावी लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

सहीआधी हे पाच प्रश्न विचारा. मोबाइलमध्ये लिहूनच न्या, समोर गेल्यावर डोकं रिकामं होतं.

एक, हे नेमकं काय आहे आणि काढलं नाही तर काय होईल?
दोन, भूल फक्त जागेपुरती की झोपवणार? उपाशी यायचं की खाऊन?
तीन, काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळेल?
चार, टाके विरघळणारे की काढायचे? काढायचे असतील तर ते गिरडच्या आरोग्य केंद्रात काढले तर चालेल का?
पाच, रात्री रक्त आलं, ताप आला, तर फोन कुणाला करायचा?

चौथा प्रश्न आपल्या गावासाठी सोन्याचा आहे. डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले, तर चिठ्ठीवर लिहून घ्या. टाके किती, कधी काढायचे, ड्रेसिंग कसं करायचं. एक चिठ्ठी, आणि तुमची एक खेप, एक दिवसाचं कॉलेज, सोबत येणाऱ्या बाबांची एक मजुरी वाचते. तिसराही सोडू नका. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही, तर तो न पाठवल्यासारखाच.

तारीख अशी निवडा

टाके चेहऱ्यावरचे साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. पाठीवरचे, पायावरचे दहा ते चौदा दिवसांनी. त्या हिशेबानं कॅलेंडर उघडा. परीक्षा, प्रॅक्टिकल, एनएसएसचं शिबिर, घरचं लग्न, कापसाची वेचणी, सगळं बघा. घाई नसलेलं काम असेल तर वैदर्भीय मे महिना टाळलेला बरा. पंचेचाळीस अंशांत पट्टीखाली घाम साचतो.

भरतीवाल्यांनी तर नीट ऐका. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असं नाही. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या दहाव्या हिश्श्याएवढीही ताकद नसते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि तिथंच थांबते. म्हणून पाठीवरचे टाके काढले आणि दुसऱ्या दिवशी गोळाफेकीला उभा राहिलात, तर उसवणार. मैदानी चाचणीच्या निदान दोन-तीन महिने आधी हे काम उरका आणि पळायला पुन्हा कधी लागायचं, ते डॉक्टरांनाच विचारा.

आदला दिवस आणि ती सकाळ

सगळ्यात मोठा गैरसमज उपाशी जाण्याचा. ‘ऑपरेशन आहे, पाणीसुद्धा देऊ नका,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. पूर्ण भूल देणार असतील तर ते बरोबरच आहे. पण जागेपुरती भूल असेल तर सहसा खाऊन जायचं असतं. पहाटेची बस, रिकामं पोट, ओपीडीतली रांग आणि समोर सुई. चक्कर येणारच. ती चक्कर ऑपरेशनची नसते, उपाशीपणाची असते. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा आणि ‘खाऊन या’ म्हणाले तर पोळी-भाजी, पोहे, जे घरात असेल ते खाऊन निघायचं. आदल्या रात्री दारू नाही, जागरण नाही.

सकाळी साबण लावून अंघोळ करा. पहिले एक-दोन दिवस जखम ओली करायची नसते, तेव्हा केसही धुऊन घ्या. त्या जागेवर तेल, पावडर, क्रीम, मेकअप, अत्तर काही नको. हाता-पायाचं काम असेल तर नेलपॉलिश पुसा, अंगठी-जोडवी काढून ठेवा. मौल्यवान वस्तू घरीच बऱ्या.

आणि दाढीचं ब्लेड फिरवून ती जागा ‘साफ’ करून जाऊ नका. ब्लेडनं न दिसणारे चिरे पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. केस काढायचे असतील तर तिथं काढतील.

मानेचं किंवा पाठीचं काम असेल तर पुढून बटणं असलेला सैल शर्ट-कुर्ता घाला. डोक्यातून काढायचा टी-शर्ट टाक्यांवरून ओढताना मग कळतं. पायाच्या कामाला बूट नाही, सैल चप्पल.

सोबत एक माणूस हवाच. आणि बाइक चालवत परत यायचं नाही. हात बधिर, पाय बधिर किंवा डोळ्याजवळ पट्टी, या अवस्थेत क्लच-ब्रेकचा भरवसा नाही. एसटीनं या. मित्राच्या मागं बसायचं असेल तर वाटेतल्या खड्ड्यांचा अंदाज घेऊन ठरवा.

पिशवीत काय? आधारकार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, पाण्याची बाटली, थोडा खाऊ, जास्तीचे पैसे आणि ते पाच प्रश्न.

टेबलावर

डॉक्टर आधी पेनानं खूण करतील. ती बघा आणि जागा बरोबर आहे का, ते तुम्हीही सांगा. गाठ बारीक असेल किंवा अंगावर चार तीळ असतील, तर हे फार कामाचं.

खूण करण्याची ही पद्धत जुनी आहे. १७९० च्या दशकात पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक एका देशी कारागिरानं कपाळाच्या कातडीतून पुन्हा बसवलं. आधी त्यानं पातळ मेणाचं नाक बनवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली, मगच कातडी सोडवली. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापून आली आणि युरोपातले सर्जन नाकाचं हे काम शिकू लागले. तेव्हा भूल नव्हती. कारागिराचा भरवसा होता तो आधी घेतलेल्या मापावर.

आपलं नशीब बरं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं आणि आज तेच औषध समुद्रपूर असो की स्टॉकहोम, सगळीकडे वापरतात. टोचताना चटका बसतो, थोडी जळजळ होते, काही मिनिटांत जागा बधिर. पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. ते नॉर्मल आहे. दुखलं तर मात्र दात दाबून शूरपणा करू नका. ‘दुखतंय’ एवढा एक शब्द बोला, अजून भूल देतात. चक्कर येतेय, मळमळतंय, तेही लगेच सांगा. मध्येच हात नेऊन जागा चाचपायची नाही, आणि रील काढायची तर अजिबात नाही.

घरी आल्यावर

भूल उतरते साधारण एक-दोन तासांत, काही औषधांत जास्त वेळानं. म्हणजे कदाचित एसटीतच. सांगितलेली गोळी कधी घ्यायची, ते निघतानाच विचारून ठेवा.

पट्टीवर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरायचं नाही. स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचं, पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. दर मिनिटाला उचलून बघत राहिलात तर थांबणार नाही. तेवढ्यानंही थांबलं नाही, तर पाचव्या प्रश्नाचा नंबर लावा. हळद, टूथपेस्ट, राख, कॉफी यातलं काहीही जखमेवर घालू नका. आजीचं मन मोडत असेल, तर हळद दुधात घाला.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी ते वाढलं, लाली पसरत चालली, पू दिसला, ताप आला, तर तारखेची वाट पाहायची नाही. गिरडच्या केंद्रात त्याच दिवशी दाखवायचं. जखम भरल्यावर काही महिने वणावर ऊन पडू देऊ नका, वण काळवंडतो. गमछा, ओढणी, टोपी, जे असेल ते.

आणि रिपोर्टची तारीख मोबाइलमध्ये टाका, अलार्मसकट. कुणीतरी जाऊन तो कागद आणा, डॉक्टरांना दाखवा, फाइलमध्ये लावा. टाके निघाले की काम संपलं, असं वाटतं. पण रिपोर्टवर काय आलं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा ते खऱ्या अर्थानं संपतं.